मुकादमबाईंच्या वाट्याची ज्वारी

दिवाळीनंतरचा पहिला सोमवार, पलूसजवळचं माझं शेत, जेवणारी माणसं एकेचाळीस: चित्रीकरणवाली छत्तीस, माणदेशातून मेंढरं घेऊन आलेले सिदूतात्या, त्यांच्या घरची तिघं आणि मी. बेचाळिसाव्या चित्रीकरणवाल्यांच्या विलायती बाई. त्या ताट न घेता उभ्याच होत्या. "सगळी जेवली?" एवढं मराठी त्यांनी पक्कं केलं होतं, आणि शेवटचा माणूस हात धुवायला उठेपर्यंत त्या घास घेत नसत.

तात्यांना प्रश्न पडला, एक जण कॅमेरा धरतो, एक जण हुकूम सोडतो, मग बाई काय करते? मी सांगितलं, लंडनच्या एका स्टुडिओत चहा देण्यापासून सुरुवात करून ही आता टीव्हीच्या मालिका आणि चित्रपट काढते. माणसं जमवते, पैसा उभा करते, बिघडलं की बोलणी खाते.

"म्हंजी ऊसतोडीची मुकादमीण की," तात्या म्हणाले.

बाईंना हे इतकं आवडलं, की चित्रपटाच्या शेवटी त्यांच्या नावापुढे देवनागरीत 'मुकादम' असंच आलं.

चित्रीकरण चालू असताना एकदा मेंढरांनी कालवा ओलांडला आणि दिग्दर्शकाला तेच दृश्य पुन्हा हवं झालं. गाभण मेंढ्या परत पाण्यात घालायला तात्या तयार होईनात. दिग्दर्शक चिडला. दिवस वाया जाणार होता आणि तो बाईंच्या खर्चात पडणार होता. त्यांनी मेंढ्यांच्या पोटांकडे पाहिलं आणि कॅमेरा बंद करायला लावला.

निघायच्या दिवशी तात्यांनी एक कोकरू बाईंच्या हातात दिलं. "आमच्यात लेकीला मेंढी देत्यात. तुमची आमच्या कळपात वाढंल. बघायला या."

तेव्हापासून दर वर्षी कळप माझ्या शेतात बसायला आला की मी बाईंना फोन करायचो. त्या मराठीत विचारायच्या, "किती?" मी कळपातली त्यांची मेंढरं मोजून म्हणायचो, तीन. पुढच्या खेपेला पाच. मग सात. मराठी आकडे त्या एवढ्यासाठीच शिकल्या. पुढच्या वर्षी नक्की येते म्हणायच्या. मग एखादी मालिका निघायची, नंतर आजारपण निघालं.

यंदा श्रावणात त्यांच्या मदतनिसाचा फोन आला. बाई गेल्या.

कळप आला तेव्हा तात्या आधी हेच बोलले, "बाईला कळवा, नऊ झाली." बाई गेल्याचं मी सांगितलं. ते बांधावर बसून राहिले. "एकडाव यायला पायजे हुती," एवढंच म्हणाले.

लेंडीखतासाठी शेतात मेंढरं बसवल्याच्या मोबदल्याची ज्वारी मी मोजू लागलो तेव्हा बाईंच्या नऊ मेंढरांची तात्यांनी वेगळी काढायला लावली. चार रात्रींची सव्वा किलो भरली. तात्यांच्या बायकोने ती दळून आणली, तिथेच चूल मांडून भाकरी थापल्या. सगळे पोटभर जेवले. फडक्यात एक भाकरी उरली. ती तशीच झाकून तात्यांनी कालव्याच्या बाजूला ठेवली.

बाईंशी ते नेहमी 'तुमी' म्हणूनच बोलायचे. त्या दिवशी म्हणाले, "सगळी जेवली गं. आता तू जेव."

सव्वा किलो ज्वारी, मुकादमबाईंना पोचती.