भिंतीला विचारून आणलेलं कार्ड

आमच्या घरात कुठलीही नवी वस्तू थेट आत येत नाही. आधी तिची चौकशी होते. कूलर आणायचा ठरला की आत्याबाई खिडकीची चौकट मापणार, वायर कुठल्या बोर्डावरून घ्यायची ते बघणार, शेजारणीच्या कूलरचा आवाज ऐकून येणार, आणि तोवर अर्धा उन्हाळा संपलेला असणार. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. मी नांदेडची, लग्न होऊन लातूरला आले. मला बघायला आल्या तेव्हा पोहे खाऊन झाल्यावर त्यांनी माझ्या आईला विचारलं, पोरगी चिडकी आहे का? आई बिचारी खरं बोलली. त्यावर म्हणाल्या, चालंल, आमच्याकडं सगळी मुकी माणसं आहेत. म्हणजे मलासुद्धा माप घेऊनच आणलेलं आहे.

त्या गणिताच्या शिक्षिका. भूकंपानंतर कितीतरी वर्षं त्यांनी पत्र्याच्या शेडमधल्या शाळेत शिकवलं, मग बदलीनं लातूरला आल्या, आणि इथूनच निवृत्त झाल्या. तोवर लातूरला क्लासचं पेव फुटलेलं. गल्लीगल्लीत पाट्या, घराघरात वरच्या मजल्यावर बाहेरगावची पोरं. या क्लासवाल्यांना प्रश्नसंच लागायचे, आणि प्रश्नांपेक्षा जास्त नड आकृत्यांची. आत्याबाईंनी निवृत्तीनंतर कॉम्प्युटर घेतला, शिकल्या, आणि वर्तुळं, त्रिकोण, उतारावरचे ठोकळे, कप्प्या, सगळं स्वतः काढायला लागल्या. त्यांच्या आकृतीत रेघ जिथं टेकायला पाहिजे तिथंच टेकायची. परीक्षेच्या दिवसांत रस्त्यानं जाताना पोरांच्या हातात त्यांची आकृती दिसली की मला उगीच मान ताठ करून चालावंसं वाटायचं.

मग डोळ्यांनी दगा दिला. डोळ्यातला पडदा मधोमध खराब झाला. कडेचं दिसायचं, समोरचं पुसून गेल्यासारखं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की चष्म्याचा उपयोग नाही, जे बघायचं ते मोठं करून बघा. घरी येऊन त्या मला म्हणाल्या, तुझे कान दिसतात, तोंड दिसत न्हाई, चिडलीस तरी आता कळणार न्हाई. हसल्या. पण दुसऱ्या दिवशी दुपारी मी खोलीत गेले तर स्क्रीनला नाक टेकवून एकच रेघ काढत होत्या आणि खोडत होत्या, काढत होत्या आणि खोडत होत्या. मी तशीच मागे फिरले. ही बाई आकृत्या काढायची थांबली तर हिच्यात काय उरेल, याची मला मनापासून भीती वाटली.

उपाय होता. भिंतीवरच्या टीव्हीएवढा मोठा मॉनिटर. पण आमच्या जुन्या कॉम्प्युटरला तो जोडला की अक्षरं फुगून पसरणार, रेघेला दात येणार. त्याला वेगळं ग्राफिक्स कार्ड लागतं, असं माझा भाऊ म्हणाला. त्याचं नांदेडला कॉम्प्युटरचं दुकान आहे. मग नवा कॉम्प्युटरच का घेऊ नये? तर त्यांचा आकृत्या काढायचा प्रोग्राम जुना. तो नव्या मशीनवर चालतच नाही, आणि तो करून देणारा माणूस धंदा गुंडाळून कधीच निघून गेलेला. म्हणजे मशीन हेच पाहिजे, कार्ड त्याला चाललं पाहिजे, आणि चुकीचं बसवून मशीनच जळालं तर सगळाच कारभार आटोपला.

भावानं फोनवर एक कार्ड सांगितलं. एकदम भारी आहे, अक्का, डोळे झाकून घे. मी ते जसंच्या तसं आत्याबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, डोळे झाकायची वेळ आलीच आहे, म्हणून तर बघून घेऊ.

झालं, चौकशी सुरू. आधी सगळ्या आकृत्यांची दुसरीकडे नक्कल करून ठेवायला लावली. मग सीपीयूचा डबा पलंगावर आडवा पाडला, माझ्याकडून झाकण काढून घेतलं, आणि भावाला त्या कार्डाची लांबी-रुंदी विचारायला लावली. त्या मापाचा पुठ्ठा कापला. साडीच्या खोक्याचा पुठ्ठा, त्याच्यावर अजून दुकानाचा मोर छापलेला. तो मोर त्यांनी बोटांनी चाचपत स्लॉटमध्ये उभा केला आणि हळूहळू आत सरकवला. हार्ड डिस्कच्या पिंजऱ्यापाशी तो अडून वाकला.

एवढ्यावर थांबतील तर त्या आत्याबाई कसल्या! पॉवर सप्लायवरचा विजेच्या आकड्यांचा कागद मला मोठ्यानं वाचायला लावला. मी आकडे वाचत गेले, त्या तोंडी वजाबाकी करत गेल्या. मदरबोर्डाला एवढं, डिस्कला एवढं, पंख्याला एवढं. उरलं ते या कार्डाला पुरत नाही. शिवाय कार्डाला जी जादा वायर लागते ती आमच्या डब्यात मुळात नाहीच. मी तोपर्यंत घामानं निथळले होते. हात धुळीनं काळे, स्वयंपाक पडलेला, आणि या बाईंचं आपलं चालूच, आता हे बघ, आता ते वाच. माझं डोकं सणकलं. मी म्हणाले की माझा भाऊ रात्रंदिवस हेच करून राहिलाय, त्याला काही कळत नसेल का? तुम्ही तर ताकसुद्धा फुंकून पिता.

त्यांनी पुठ्ठा मांडीवर ठेवला. थोडा वेळ त्याच्या कडेवरून बोट फिरवत राहिल्या.

"दुधानं तोंड पोळलंय, बाई," त्या म्हणाल्या. "आमच्या माहेरच्या घराला मातीचं माळवद होतं. पाऊस यायच्या आधी दरसाल आबा वर नवी माती टाकायचे, गळू नये म्हणून. जुनी काढायचे न्हाईत. मीच खालून घमेलं वर द्यायची. छपराची काळजी सगळ्यांनी केली. भिंतीला कुणी विचारलं न्हाई, तुला पेलतंय का म्हणून."

भूकंपात त्यांचे आई-वडील गेले हे मला माहीत होतं. त्या वेळी त्या नोकरीच्या गावाला होत्या, म्हणून वाचल्या, हेही माहीत होतं. घरातल्या माणसांनी ते मला लग्नानंतर सांगितलं होतं आणि पुन्हा विषय काढायचा नाही असंही सांगितलं होतं. पण घमेलं कुणाच्या हातात होतं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मला रडू आलं. मी उठून त्यांना पाणी दिलं आणि पुन्हा खाली बसले. पुढं काय वाचू, असं विचारलं. त्या दिवसानंतर मी त्यांच्या चौकशीला हसले नाही, असं म्हणणार नाही. हसते अजूनही. पण कूलरच्या वेळी आता टेप मीच धरते.

भावाला सगळं कळवलं. तो ओशाळला नाही, उलट खूश झाला. माझ्याकडं इंजिनिअर गिऱ्हाईकं येतात, अक्का, पण पुठ्ठा कापणारं हे पहिलंच, म्हणाला. मग त्यानं जादा वायर न लागणारं एक छोटं कार्ड शोधलं. मोराचा पुठ्ठा आत्याबाईंनी त्या मापाला कापला, तो सुरळीत बसला. वजाबाकीही जुळली. मी म्हटलं, आता तरी मागवू? तर म्हणाल्या, कागदावर जुळलं. आता मशीनलाच घेऊन जाऊ, तुझ्या भावासमोर लावून बघू.

अशा रीतीनं आमचा कॉम्प्युटर एसटीनं नांदेडला निघाला. गोधडीत गुंडाळून, खिडकीजवळच्या सीटवर. कंडक्टरनं विचारलं, हे काय आहे? आत्याबाई म्हणाल्या, पेशंट आहे. तो हसला आणि ड्रायव्हरला ओरडून म्हणाला की खड्डे बघून चालव. पण ड्रायव्हर काही ऐकणाऱ्यातला नव्हता. अहमदपूरला चहासाठी सगळी गाडी उतरली, आम्ही दोघी गोधडीला धरून बसून राहिलो. माझ्या माहेरची वाट मी एवढ्या जपून आयुष्यात कधी गेले नव्हते.

दुकानात भावानं छोटं कार्ड बसवलं, दुकानातलाच मोठा मॉनिटर जोडला, बटण दाबलं. पंखा फिरला. पडदा काळाच. काढलं, पुसलं, पुन्हा बसवलं. काळाच. भावानं तास-दीड तास घालवला, आणि मग मला बाजूला घेऊन सांगितलं की बोर्ड फार जुना आहे, नव्या कार्डाशी याचं बोलणंच होत नाही. मावशींना म्हणावं, नाद सोडा.

आत्याबाईंना ते ऐकू गेलं होतं. डोळे गेल्यापासून कान फार तिखट झालेत. मी मनात म्हटलं, संपलं, आता ही बाई घरी जाऊन नुसती बसून राहणार. आणि मला माझ्याच भावाचा असा राग आला की विचारू नका. त्याचा काहीच दोष नव्हता.

आत्याबाईंनी त्याला हाक मारली. म्हणाल्या, बाळा, हे मशीन नवं होतं तेव्हा लोक त्याला कुठलं कार्ड लावायचे? ते न्हाई का तुझ्याकडं? भाऊ म्हणाला, मावशी, ते कोण ठेवणार आता? असं म्हणाला खरा, पण डोकं खाजवत पोटमाळ्यावर चढला. वर बराच वेळ खुडबुड, शिंका. शेवटी एक खोका घेऊन उतरला. एका शाळेची ऑर्डर रद्द झाली तेव्हापासून पडून होतं म्हणे, सील न फोडलेलं. आमच्या मशीनपेक्षा थोडंसंच धाकटं, पण आमच्यासाठी कोरं करकरीत.

आत्याबाईंनी आधी पर्समधून पुठ्ठा काढून कार्डाला लावला. बसतंय का ते चाचपलं. मला कागद वाचायला लावला, वजाबाकी केली. माझा भाऊ हातात कार्ड घेऊन शहाण्या विद्यार्थ्यासारखा उभा. त्या म्हणाल्या, हं, लाव.

पडदा उजळला. त्यांचा प्रोग्राम उघडला, आणि त्या मोठ्या पडद्यावर एक वर्तुळ आलं, परातीएवढं, रेघ स्वच्छ. त्या खुर्ची सरकवून जरा तिरक्या बसल्या, कडेच्या नजरेनं बघितलं, आणि म्हणाल्या की हे केंद्र जरा डावीकडं गेलंय, इतके दिवस कुणी सांगितलं न्हाई मला. भाऊ टाळ्या वाजवायला लागला. मी काउंटरमागं जाऊन डोळे पुसले.

त्यानंतर त्यांनी पुन्हा कामाला सुरुवात केली, आजही करतात. पण तो मॉनिटर घेऊन लातूरला परत आल्यावर त्या मोठ्या पडद्यावर त्यांनी सगळ्यात आधी काय काढलं, ते सांगायचं राहिलं. त्यांनी एक घर काढलं, मधून कापून दाखवल्यासारखं. दोन बाजूंना दगडाच्या भिंती, वर लाकडं, लाकडांवर मातीचे थर, एकावर एक, प्रत्येक थर वेगळा दिसेल असा. खाली प्रश्न लिहिला आणि मला वाचायला बोलावलं, चुका बघ म्हणून. भिंतीची जाडी दिली होती, ती किती भार पेलते ते दिलं होतं, एका थराचं वजन दिलं होतं. मी मोठ्यानं वाचत शेवटच्या ओळीपर्यंत आले.

"तर येत्या पावसाळ्याआधी मुलीनं वडिलांना घमेलं द्यावं का? कारण लिहा."

मी म्हटलं, आत्याबाई, चूक काही नाही. त्या म्हणाल्या, न्हाई ना? मग उत्तराला जागा जास्त सोड, पोरं विचार करतील. मी जागा सोडली, अर्धं पान.