टोचलेली बोटं

घोरावाडीहून नवलाख उंबऱ्याला जाणाऱ्या जीपमध्ये ती रोज माझ्या शेजारी बसायची. मुठी मिटलेल्या, त्यावर पदर. नाव मी कधी विचारलं नाही.

आमच्या दवाखान्याच्या शिबिरात ती आली. रक्त घ्यायला मी तिची मूठ उघडली आणि हबकलेच. सगळी बोटं टोचलेली!

"मावशी, साखर आहे का?"

"न्हाई वो." टेबलावरची प्लास्टिकची चिमुकली पट्टी तिनं ओळखली. त्या पट्टीवर थेंब टाकला की आतल्या बारीक नळीत रक्तातलं पिवळसर पाणी वेगळं होतं, आम्ही तेच तपासतो. "ही आमच्याच कंपनीत बनते. तपासनी माज्याकडं. पट्टीत लाल पानी सोडून बगा म्हनत्यात. पन पान्याला काय अक्कल? म्हनून मी गुपचूप माजंच रगात टाकून बगते. लोकांच्या जिवाचं काम हाय."

"आणि मग त्या पट्ट्या?"

"धुऊन, वाळवून परत डब्यात. चांगल्या निघाल्या त्या टाकायच्या व्हय?"

तिनं पट्टी उजेडात धरून पदरानं मायेनं पुसली.

डबा माझ्यासमोर उघडा होता. सकाळपासून अर्धं गाव मी त्यातल्याच पट्ट्यांवर तपासलं होतं.