निंबाचं खोड अन् बिनआवाजाची मशीन

लाकूड कोराले बॅटरीवाली कटर मशीन कशी निवडावी, हे पाहाले आले असान तं बसा. चेन फिरते ते पट्टी किती इंची, बॅटरी किती टिकते, सगळं येईन, पण मधात मधात, भांडणातून फुरसत भेटली की. अन् गरीब कारागीर, पवित्र लाकूड, शेवटी टाळ्या, असलं काही वाचाले आले असान तं आत्ताच उठा, रस्ता मोकळा हाय. आमच्याइथं त्या पंधरा दिवसांत कोणी कोणाले नीट 'जय भीम' बी नाही घातला.

अन् भांडण लावणारा मीच. हे पहिलेच सांगून टाकतो, नाही तं मंग तुम्ही म्हणसान का पोट्ट्यानं लपवलं. लपवलं तं होतंच, पण तुमच्यापासून नाही.

बाभुळगावात आमच्या विहाराच्या आवारात एक निंब होता. यंदा उन्हाळ्यात वादळ-वावधन आलं अन् तो आडवा पडला. खोड असं का दोन माणसायच्या कवेत मावत नव्हतं. समितीनं ठरवलं, याचीच बुद्धाची मूर्ती कोरायची, अन् काम देल्लं माह्या मामाले. मामा चौकटी-दारं करणारा माणूस. अर्ध्या गावाच्या घराले त्याचीच दारं हायत, पण चेहरा काढ असं त्याले जिंदगीत कोणी म्हटलं नव्हतं. समितीतले काही जण तेव्हाही म्हणतच होते, "याच्यानं होत नाही, खोड फाटन, त्यापरीस रेडिमेड मूर्ती आणा." म्हणजे मामाले हा एकच मोका होता. खोड तडकलं का मोका गेला.

अन् खोड तडकतेच. ओलं लाकूड मे महिन्याच्या उन्हात बाहेरून सुकते, आतून ओलंच राह्यते, मंग त्याले चिरा पडते. उपाय एकच, मांगच्या बाजूनं त्याचं पोट लवकर पोखरून टाकायचं. हातानं, वाकस-पटाशीनं, त्याले महिना गेला असता. म्हणून मामानं ओळखीच्या एका लाकूडतोड्याची पेट्रोलची मशीन मागून आणली. तो बाप्पा दुपारी मशीन ठेवून गेला. "पेट्रोल घेऊन येतो," म्हणे. मामा गेला जेवाले.

आता विहाराले लागून टिनाची अभ्यासिका हाय. तलाठी, पोलीस, वनरक्षक, सगळे होणारे लोकं तिथं बसते. मी बी बसतो. बसतो म्हणजे पुस्तक उघडं असते. त्या पोट्ट्यायचा म्होरक्या एक भाऊ हाय. इतक्या वर्षांपासून परीक्षा देऊन राह्यला का नोकरी लागाच्या आंधीच त्याची जबान साहेबाची झाली. चहा सांगतानाही म्हणते, "एक कट, साखर कमी, नोंद घ्यावी." आम्ही त्याले साहेबच म्हणतो. मी त्याची नक्कल केली का पोट्टे लोळते, अन् हे त्याले माहीत हाय. म्हणून मी दिसलो का त्याचं थोबाड कारल्यावानी होते.

त्या दुपारी मले काय सुचलं तं मी टिनाच्या मांगं गेलो अन् पत्र्याले तोंड लावून मशीन चालू केली. तोंडानंच. पहिले दोरी ओढल्यासारखं खर्र, खर्र. मंग धड-धड-धड. अन् मंग गळ्यातून वर, घ्याऽऽऽऽन! पत्र्यानं ते असं उचललं का माह्याच कानाले खरं वाटलं.

मले वाटलं, हासतीन. आत तं आग लागली. मी दुसऱ्या दारानं येऊन जाग्यावर बसलो तोवर साहेब कानात पेन खोसून बाहेर. आवारात कोणी नाही, खोडापाशी मशीन पडलेली, अन् नेमका मामा जेवून दुपट्ट्यानं तोंड पुसत येऊन राह्यला.

"काका, परीक्षा तोंडावर हाय अन् तुम्ही भर दुपारी मशीन चालवता?"

"म्या तं दोरीले हात बी नाही लावला."

"मंग काय निंब ओरडला?"

"तुले काम नाही होऊ द्यायचं तं तसं सांग. खोटं कायले बोलतं?"

"खोटं? मी खोटं? सत्तावीस जणायनं आयकलं!"

मामाले वाटलं, हे पोट्टे रेडिमेडवाल्यायच्या बाजूचे हायत, मुद्दाम कांड करून राह्यले. पोट्ट्यायले वाटलं, मामा तोंडावर खोटं बोलते. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते, हे फक्त मले ठाऊक. तवाच हात वर केला असता तं दोन कानफटात खाऊन विषय संपला असता. पण साहेब इतका तापला होता का मले ते पाहाले मजा येऊन राह्यली होती. समितीच्या अध्यक्षाले अर्ज गेला. त्याच्यावर माही बी सही हाय. नाही केली असती तं कोणाले शक आला असता.

अध्यक्षानं निकाल देल्ला: आवारात पेट्रोलची मशीन बंद. हातानं करा, नाही तं बिनआवाजाची आणा.

मशीन परत द्याले मामानं मलेच धाडलं. लाकूडतोड्या घरी नव्हता, मी त्याच्या बायकोपाशी ठेवली अन् सटकलो. तिथून जी दुश्मनी सुरू झाली ती विचारू नोका. अभ्यासिकेचा माठ मामासाठी बंद. मामानं पोट्ट्यायच्या सावलीतल्या सायकली उन्हात लावल्या. साहेब येता-जाता म्हणे, "मूर्ती रेडिमेड भेटते, सरकारी जागा रेडिमेड नाही भेटत." मामा म्हणे, "दहा वर्षात तुले कोणतीच नाही भेटली, त्यात माह्या मशीनचा काय दोष?" अन् खोडाच्या टोकाले ओले पोते टाकून बी एक दिवस बोटभर चीर दिसली. मामा त्या दिवशी घडीघडी पोतं उचलून चीर पाहून राह्यला होता.

मंग मी मोबाईलवर पाहून सांगतलं, "मामा, बॅटरीची भेटते. धूर नाही, आवाज कमी."

"मंग चाल यवतमाळले."

मामानं खताच्या पोत्यात त्याच निंबाचा एक गाठीचा ओंडका भरला. मोटरसायकलवर आमच्या दोघायच्या मधात तो ओंडका. दर खड्ड्याले माह्या बरगडीत.

पहिल्या दुकानदारानं पिस्तुलाएवढी मशीन काढली. "बगीच्यासाठी नंबर एक!" म्हणे, अन् सुबाभळीची काडी कापून देखाडली. मामानं पोतं उलटं केलं. "हे काप."

"अहो, हे फांद्या छाटाची मशीन हाय."

"मंग 'लाकूड कापते' काहून म्हटलं? काडी तं माहे दात बी कापते."

काप म्हटल्यावर त्यानं लावली. गाठीत पट्टी गेली, मशीन कण्हली, अन् तिथंच फसली. दोघं मिळून ती उपसत बसलो. "तुमच्या लाकडानं माही चेन खराब झाली," दुकानदार बोंबलला. मी पायरीवरून त्या कण्हत्या मशीनचा आवाज काढून देखाडला. त्यानं झाडू उचलला.

दुसरं दुकान मोठं होतं, अन् मालकाचा ताठा त्याच्याहून मोठा. आम्हाले पाहून म्हणे, "किराये की नहीं मिलती."

"विकतची देखाड," मामा म्हणे.

त्यानं तीन मांडल्या. सगळ्यात मोठी सोळा इंची पट्टीची. माहा जीव तिच्यावरच. मामानं ती उचलली, हात लांब केला, पाच मोजाच्या आत खाली ठेवली. "हे घेऊन दिवसभर चेहऱ्यापाशी उभं राह्यलो तं हात भरून येते माहा." दुसरी हलकी होती, पण पट्टीचं नाक, म्हणजे समोरचं टोक, रुंद. मी व्हिडिओत पाह्यलं होतं, रुंद नाकाचा वरचा कोपरा लाकडाले टेकला का मशीन उसळून तोंडावर येते. कोराले नाक बारीक पाहिजे. तसं मी बोललो, तं मालक म्हणे, "तू चालवतो का चेनसॉ?" मी म्हटलं, "मी तिच्यासारखा ओरडतो." मामा हासला. तो हासला अन् मले कसंतरी झालं.

तिसरी दहा इंची, बारीक नाकाची. मामानं ती बंदच धरली अन् तिनं हवेत कोराले लागला. पहिले खांदा. खांद्यावरून हात उतरवला, मांडीवर टेकवला. वर गेला, कान काढला, लांब. मानेपाशी येऊन मनगट वळवलं. मालक काहीतरी वारंटीचं बोलून राह्यला होता, तो मधातच थांबला.

"हे," मामा म्हणे. "आवाज किती येते?"

"गिऱ्हाईक दम विचारते, काका. तुम्ही आवाज विचारता?"

"दम ओंडक्यावर पाह्यतो. आवाज याच्यावर." माह्याकडं बोट. "जाय, रस्त्यापलीकडं उभा राय. तुह्यं पुस्तक काढ. मी मशीन चालवतो, तू वाच. डोक्शात शिरते का सांग."

मी रसवंतीपाशी सामान्य ज्ञानाचं गाईड उघडून मोठ्यानं वाचाले लागलो. पलीकडं मशीन भुणभुणली, मोठ्या गांधीलमाशीवानी. रसवाला म्हणे, "भाऊ, ऊन लागलं का?"

"शिरते!" मी बोंबललो.

"काय शिरलं?" मामा तिकडून.

"गोदावरी!"

मामानं मान हलवली. माणूस एवढा सिरीयस होता का मले पुस्तकात तोंड घालून घ्यावं लागलं. तिकडं गाठ दोन तुकडे होऊन पडली होती. ऊन फार, बॅटरी तापली का मशीन आपोआप बंद होते, हे मालकानं शेवटी कबूल केलं, म्हणून दोन बॅटऱ्या घेतल्या. येताना मामा वारंवार मांगं वळून म्हणे, "तू होता म्हणून निवडता आली रे भाचा. मी तं पट्टीच्या लांबीवर गेलो असतो." मी म्हटलं, "समोर पाहा, मामा, ट्रक हाय."

दुसऱ्या दिवशी समितीसमोर मशीनची परीक्षा. साहेब आत घड्याळ घेऊन बसला, अध्यक्ष दारात. मामानं खोडाच्या पाठीले पट्टी लावली. अभ्यासिकेतल्या कूलरची घरघर एवढी का मशीन चालू झाल्याचं आतल्या कोणाले समजलंच नाही. भुसा उडालेला खिडकीतून दिसला तवा साहेब बाहेर आला. हरकत सापडत नव्हती म्हणून त्याचं तोंड अजूनच वाकडं.

तेवढ्यात तो लाकूडतोड्या आला, नवीन मशीन पाहाले. "कसं हाय हे खेळणं?"

साहेब म्हणे, "आवाजाच्या बाबतीत समाधानकारक. तुमच्या मशीननं तं त्या दिवशी कानाचे पडदे फाडले, नोंद घ्या."

"माह्या मशीननं? कवा?"

"तुम्ही ठेवून गेलते, त्याच दुपारी."

"कसं शक्य हाय गा? टाकी कोरडी होती तिची. एक थेंब नव्हता. पेट्रोल आणालेच तं गेलतो मी, तं रस्त्यात समजलं काम बंद पडलं."

 मंग मांगून एका पोट्ट्यानं हळूच काढला, माहाच आवाज, कच्चा काढला पण ओळखू आला: घ्याऽऽऽन. सगळ्या मुंड्या माह्याकडं.

साहेबानं सुरुवात केली. "सार्वजनिक शांततेचा भंग, अन् वरून अर्जावर सही!" अध्यक्ष म्हणे, "तुह्या बापाले सांगतो. आजपासून अभ्यासिकेत पाय ठेवू नोको." लाकूडतोड्या म्हणे, "माह्या मशीनले कायले बदनाम केलं बे?" हे सगळं मले चाललं. यायचे आवाज मले पाठ हायत.

मामानं मशीन बंद केली, बॅटरी काढून बाजूले ठेवली. खोडाच्या वरच्या टोकापाशी गेला अन् पोतं उचललं. त्या चिरेवर हात पसरून मोजली. वीतभर, अन् वर चार बोटं.

"इकडं ये," म्हणे. मी गेलो. "इथं डोकं येणार होतं. आता इथून खाली घ्या लागते. मूर्ती बुटकी होते, खांदे आखूड होते. रेडिमेडवाले पाहून म्हणतीन, हेच आम्ही सांगतलं होतं. समजलं? पंधरा दिवस हे खोड उन्हात फाटून राह्यलं अन् तू माह्या बाजूले उभा राहून त्याच्यावर पाणी टाकून राह्यला होता."

"मामा, गंमत..."

"गंमत एका दुपारची असते. तवा सांगतलं असतं तं मी बी हासलो असतो. आवाजाचं मले काही नाही, पोट्टं हाय, काढला. पण मी दुकानात मशीन धरून उभा, अन् तू रस्त्यापलीकडून गोदावरी गोदावरी करून राह्यला. तवा तोंड कसं उघडलं रे तुह्यं? अख्ख्या रस्त्यानं मी तुले शाबासकी देत आलो अन् तू मले ट्रक देखाडतं? या पोट्ट्यायशी मी पंधरा दिवस कुत्र्यावानी भांडलो, त्यायले खोटे म्हटलं. आता त्यायची माफी मी कोणत्या तोंडानं मांगू? तू मांगशीन? तुह्या माफीवर कोण विश्वास ठेवते, ते बी तू कोणाच्या तरी आवाजात मांगशीन. अन् खाली पाहू नोको, मी बोलून राह्यलो तवर वर पाह्य. वर पाह्य म्हणतो नं!"