अर्धी पट्टी

गल्लीनं तिचं नाव अर्धीताई ठेवलं होतं, आणि तिला ते मनापासून आवडायचं.

पहिल्या मजल्यावरच्या रक्ततपासणीच्या खोलीत ती एकटीच तंत्रज्ञ. एचआयव्हीची पट्टी महाग. त्या तपासणीत दिवसाची मजुरी जायची, म्हणून माणसं दर ऐकून जिन्यावरूनच परत फिरायची. तिनं डोकं लढवलं. बोटभर लांबीची पट्टी ब्लेडनं उभी चिरून एकीच्या दोन केल्या. एक रेघ उमटली तर सगळं ठीक, दोन उमटल्या तर लागण. अर्ध्या पट्टीवरही रेघा उमटत होत्या. दर निम्म्यावर आला आणि बाहेरचा बाक भरू लागला.

"ताई, अर्ध्या पट्टीत रोगही अर्धाच निघतो ना?" कोपऱ्यावरचा हमाल विचारायचा.

"निघाला तर अख्खा निघेल. गप बस खाली."

अख्खा बाक हसायचा. मालकही खूश होते.

पाकिटावर दोन सूचना छापलेल्या होत्या. पट्टी कापू नये. आणि पाकीट फोडल्यावर तासाभरात वापरावी, दमट हवेनं ती निकामी होते. पहिलीकडे तिनं काणाडोळा केला होता. दुसरी मात्र ती पाळायची. दोन गिऱ्हाइकं बाकावर बसल्याशिवाय पाकीट फोडायचं नाही. दुसरं गिऱ्हाईक ऐनवेळी पळालं, तर उरलेली अर्धी कचऱ्यात.

पण टाकताना तिचा हात आखडायचा. कुणाची तरी तपासणी आपण फेकतोय असं वाटायचं. मग ती अर्धी एका पत्र्याच्या डबीत जाऊ लागली. वापरायची नाही, नुसती ठेवायची, असं ती स्वतःलाच बजावायची.

नणंदेला दिवस गेले तेव्हा ती जिना चढून वर आली. सासूबाई ओरडल्या की मध्ये पडणारी, सासरी आल्यावर ताईला सगळ्यांत आधी आपलंसं करणारी ही पोर.

"वहिनी, तुझ्या अर्ध्या दुकानात माझंही रक्त बघ. दवाखान्यातली बाई मागेच लागलीय."

तिच्याकडून पैसे घेणं जिवावर आलं असतं, आणि मालकांचं पाकीट फुकटात फोडणं म्हणजे चोरी. डबीत आदल्या दिवशीची अर्धी होती.

"आपल्या घरात काय निघणार आहे म्हणा," म्हणत तिनं डबी उघडली.

एकच रेघ आली. जरा फिकट होती.

"झालं?"

"झालं. पळ, घरी जाऊन लोळ."

मुलगा झाला. तो अंगावर प्यायचा, पण बाळसं काही धरेना. जीभ पांढरी पडली, जुलाब थांबेनात. मोठ्या दवाखान्यात आधी आईचं रक्त तपासलं. दोन रेघा, ठसठशीत. मग नवऱ्याचं. त्याचा आजार तर लग्नाआधीचा असणार, असं डॉक्टर म्हणाले. पोटात असतानाच कळलं असतं तर गोळ्या देऊन बाळाला बहुधा वाचवता आलं असतं, हेही त्यांनी नीट समजावून सांगितलं.

सासूबाई सुनेशी बोलायच्या बंद झाल्या. तिला वाढताना मात्र भाकरी मोडून अर्धीच ताटात टाकायच्या.

एका दुपारी नणंद बाळाला घेऊन जिना चढली. बाकावर हमाल आणि त्याची बायको बसली होती. बायकोचं पोट दिसू लागलं होतं. नणंद सरळ आत गेली.

"डबीतली होती ना ती?"

वहिनीनं मान डोलावली.

"ह्याला तरी अख्खी लाव."

"अगं, एवढ्याशा बाळाला पट्टी चालत नाही. जन्मताना तुझ्या रक्तातलं जे त्याच्यात आलंय, त्यानंच दुसरी रेघ उमटते. त्याचं स्वतःचं कळायला मशीनवरची तपासणी लागते. शहरात."

"केवढ्याला?"

तिनं सांगितलं. नणंद हसली.

"मग कर की त्याचं अर्धं. तुला येतं ना?"

त्या मशीनला ब्लेड लावता येत नव्हतं.

"फोड पाकीट."

तिनं नवं पाकीट फोडलं. बाळाच्या टाचेला सुई टोचली. ते धड रडलंही नाही. अख्ख्या पट्टीवर दोन रेघा आल्या.

"म्हणजे काय?"

"म्हणजे काहीच नाही. सांगितलं ना तुला."

"बघायचं होतं मला," नणंद म्हणाली. "तुझा हात अख्खीला लागतो का ते."

बाळाला खांद्यावर टाकून ती निघाली. तेवढ्यात हमालानं दारातून डोकं आत घातलं.

"ताई, पाकीट फोडलंत का? अर्धी उरली असेल तर हिची करून टाका. पोटुशी आहे."

जिन्यात नणंदेची पावलं थांबली.

"उरली नाही," वहिनी म्हणाली. "आणि ह्यापुढं अर्धी नाही. अख्खीच लावीन."

"अख्खीच्या पैशाला?"

"मालक दुसरं काय घेणार?"

हमालानं खिसा चाचपला, बायकोकडे पाहिलं.

"मग राहू द्या," तो म्हणाला. "चल गं."

नणंदेनं अंग चोरून त्या दोघांना जिन्यात वाट करून दिली.