आय कुठाय?

नव्वदच्या दशकात मी जामखेडला शिक्षक होतो. तिथल्या आठवडे बाजारात शेळ्या विकणारी एक बाई बसायची. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. करडू विकताना ती आधी त्याची आई पुढे ओढायची आणि धार काढून दाखवायची.

तिच्या शेजारी एकजण पॉमेरियन कुत्र्याची पांढरी पिल्लं पाटीत घेऊन बसायचा. मुलीच्या हट्टापायी मी एक उचललं, तशी बाई खेकसली, "गुरुजी, करडू घेताना आय बघता, मग ह्याची का न्हाई? ईचारा की त्याला, आय कुठाय?"

"घरी हाय," तो पुटपुटला. मी पिल्लू खाली ठेवलं.

पुढे दर बाजारी ती प्रत्येक गिऱ्हाइकाला हेच विचारायला लावायची. हळूहळू अख्खा बाजार विचारू लागला. शेवटी बाजाराची पावती फाडणाऱ्यानंच त्याला बजावलं, "आधी आय दाखव, मग बस."

पुढच्या बाजारी त्यानं पिल्लांची आई आणली. अंगावरचे केस झडलेले, सड लोंबलेले, उन्हात डोळे उघडवत नव्हते. गिऱ्हाइकं बघत राहिली आणि एकेक करून निघून गेली. तोही पाटी उचलून गेला, तो पुन्हा आला नाही. कुत्रीला तिथंच सोडून गेला.

दिवाळीनंतर पाहिलं, तर ती कुत्री बाईच्या शेळ्यांच्या मधोमध ऐटीत बसलेली. अंगभर नवे केस आलेले. एकानं विचारलं, "ही कुत्री पिल्लं कधी देनार?"

बाई उठली, पदर खोचला आणि साऱ्या बाजाराला ऐकू जाईल अशी गरजली, "न्हाई देनार! हिची बाळंतपनं सरली!"