जगदेवरावांचा बेलभंडार

लष्कर नावाच्या वस्तीत, दाना ओली या गल्लीत राहणारे जगदेवराव देवावर विश्वास ठेवत, भक्तांवर नाही. संस्थानच्या रिसाल्यात उभी हयात गेली, घोड्यांची चंदी कोण पळवतं ते बघता बघता म्हातारे झाले. पेन्शन घेतली तेव्हा घोडे तिथेच राहिले, संशय तेवढा घरी आला. म्हणायचे, "पहाटे उठून जोरात घंटा बडवणाऱ्याचं घर आधी तपासा." स्वतः पहाटे तेच करायचे, ते सोडा!

घरात खंडोबाचा चांदीचा टाक होता. अंगठ्याएवढा, पिढीजात. पूजा झाली की जगदेवराव तो लपवून ठेवीत. देव देव्हाऱ्यात असतो हे चोरालाही ठाऊक असतं, हे त्यांचं म्हणणं. आज तांदळाच्या डब्यात, उद्या घड्याळात, परवा आरशामागे. बिचाऱ्या मल्हारीला एका जागी झोप म्हणून नाही.

चंपाषष्ठीला व्हायचं ते झालं. ठेवणीतली शिंदेशाही पगडी डोक्यावर चढवून जगदेवराव तळी भरायला बसले आणि टाक सापडेना. डबा, घड्याळ, आरसा, सगळं धुंडाळून झालं.

सून लीलाताई हळूच म्हणाली, "मामंजी, तुम्हीच कुठेतरी ठेवला असेल. आठवून बघा ना."

झालं! म्हातारा भडकला. "म्हणजे मला चळ लागलाय? आणा बेलभंडार! बोलवा सगळ्यांना!"

बेलाचं पान आणि भंडारा तळहातावर घेऊन खोटं बोलायची खंडोबाच्या घरात कुणाची छाती नव्हती. सगळ्यांआधी रावांनीच तो उचलला. "टाक कुठे आहे ते मला ठाऊक नाही. खोटं असेल तर मल्हारी बघून घेईल!" स्वयंपाकीण सुलोचनाबाई भरिताची वांगी चुलीवर टाकून दारात आल्या, तेव्हा हे शेवटचे शब्द चालले होते.

मग लीलाताईने उचलला. मुलगा कान्होजी "आबा, हद्द करता तुम्ही!" म्हणत का होईना, पण उचलला. दूधवाला रामदीन तर "अभी लो, हुजूर" म्हणून पुढे सरसावला आणि आपल्या दुधात पाण्याचा थेंब नसतो, हीही शपथ कुणी न विचारता घेऊन मोकळा झाला.

सुलोचनाबाईंनी हात पुढे केला आणि मागे घेतला.

"मला नाही उचलता यायचा."

"का?"

"ते विचारू नका, रावसाहेब."

"घ्या! बाहेर राखण करत बसलो नि चोर चुलीपाशी! बोचकं बांधा, बाई. आजच निघा."

कुठे निघणार? माहेर बुडालेलं, सासरचं कुणी उरलेलं नाही. लीलाताईने हातापाया पडून पाहिलं, राव ऐकेनात. खरं सांगायचं तर त्यांनाही बाई जायला नको होत्या. साऱ्या जगावर संशय घेऊन दमले की विश्वासाला ही एकच बाई उरायची. पण आता माघार घ्यायची कशी?

जेवणं उरकल्यावर बाई बोचकं घेऊन माजघरात आल्या. राव एकटेच बसले होते, पानाला शिवलेसुद्धा नव्हते.

"जाते मी. पगडी तेवढी जपून उतरवा. काल दिवेलागणीला तुम्ही तिच्या घड्यांत काय खोचलंत, ते मी पाहिलं होतं."

रावांनी पगडी उतरवली. घडीत खंडोबा! ज्याची शपथ घेतली, तो सकाळपासून डोक्यावरच बसला होता.

"अहो बाई, मग तेव्हाच का नाही बोललात?"

"मी आले तोवर तुमची शपथ होऊन गेली होती. सुनेदेखत, दूधवाल्यादेखत, देवापुढे तुम्हाला खोटं कसं पाडू? आणि मला ठाऊक असताना बेलभंडार तरी कसा उचलू?"

रावांनी सवयीने दाराकडे पाहिलं. कुणी नव्हतं. टाक गुपचूप तांदळाच्या डब्यात टाकला असता तर 'सापडला, सापडला' म्हणून गावजेवण घालता आलं असतं. हा विचार आला मात्र, आणि म्हातारा स्वतःलाच घाबरला. जन्मभर शोधत होते तो लबाड त्यांना आत्ता भेटला होता.

"कान्होजी!" ते ओरडले. "सगळ्यांना बोलाव. त्या रामदीनलाही!"

पगडी काखेत धरून, बोडक्या डोक्याने जगदेवरावांनी सगळ्यांसमोर सगळं सांगितलं. रामदीनला हसू आवरेना, त्यालाही रागावले नाहीत. मग ज्या टाकाला आजवर त्यांच्याखेरीज कुणाचा हात लागला नव्हता, तो त्यांनी सुलोचनाबाईंच्या ओंजळीत ठेवला.

"आजपासून हा तुम्ही ठेवायचा, बाई. आणि कुठे ठेवलात, ते मला सांगू नका."