मागच्यांना दिसेल असा मीटर

चौकसबाई हे नाव मुलांनी ठेवलेलं, आणि ते चुकीचं आहे असं बाईंच्या नवऱ्यालाही म्हणता आलं नसतं. दिव्याच्या खोक्यावर नऊ वॅट छापलेत, तर तो खरंच नऊ वॅट खातो का, हे कळल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

त्या विजेचे प्रयोग शिकवायच्या. प्रयोगशाळेत वॅट मोजणारा मीटर एकच, काचेच्या कपाटातला. प्रयोगाच्या दिवशी पुढची चार मुलं त्याला चिकटायची आणि मागची त्यांच्या पाठी बघत वहीत आकडे उतरवायची. बाईंचं स्वतःचं शिक्षणही असंच पाठी बघत झालेलं, त्यामुळे या प्रकाराचा त्यांना मनस्वी राग होता.

यंदा खरेदीला थोडे पैसे मंजूर झाले. विभागप्रमुखांना त्यात आणखी एक भारी मीटर हवा होता. बाईंना हवा होता प्रत्येक टेबलावर एकेक, स्वस्तातला.

"आणि तो चुकीचं दाखवणारा निघाला तर?" ते म्हणाले. "सगळा वर्ग एकदम चुकीचं शिकेल. बरोबर दाखवणारा मिळाला तर सोमवारी सांगा. नाहीतर माझा मीटर."

बोलणं खरं होतं, त्यामुळे जास्तच झोंबलं. बाईंनी दुकानदाराकडून तीन नमुने परत करायच्या बोलीवर आणले, कपाटातला मीटर परवानगीने घरी नेला आणि इस्त्री लावली. तिन्ही नमुने मोठ्या मीटरशी तंतोतंत जुळले. त्यांनी सर्वांत स्वस्त नमुना बाजूला काढलासुद्धा. पण इस्त्री म्हणजे नुसती तापणारी तार, तिच्यापुढे कोणीही पास होईल, अशी शंका आली आणि बाई उठल्या. स्वयंपाकघरातली जुनी चोकवाली ट्यूब त्यांनी खाली उतरवली. नवरा तिथेच भाजी चिरत होता.

"अगं, माझी बोटं मोजायची वेळ आणू नकोस," अंधारातून तो म्हणाला.

ट्यूब लावताच सर्वांत स्वस्त मीटरने जवळजवळ दुप्पट वॅट दाखवले. चोकमुळे करंट व्होल्टेजच्या मागे रेंगाळतो, त्यांची पावलं जुळत नाहीत. हा पठ्ठ्या मात्र दोन्हींचा सरळ गुणाकार करून मोकळा. बाईंना इतका आनंद झाला की त्यांनी नवऱ्याला ओढत आणून तो चुकीचा आकडा दाखवला. मग मोबाइलचा चार्जर लावला. चार्जर हाताला कोमट लागत होता आणि दुसरा मीटर शून्य दाखवत होता. तोही बाद.

उरला तिसरा. दिसायला गबाळा, आकडा दाखवायला दोन-तीन सेकंद लावणारा. पण ट्यूब, चार्जर, पंखा, मिक्सर, कशालाच तो फसला नाही. बाईंनी रविवारभर घरातलं काही मोजायचं बाकी ठेवलं नाही.

सोमवारी विभागप्रमुखांनी स्वतः ट्यूब लावून पाहिली, पुन्हा लावून पाहिली आणि सही केली.

मीटर आले त्या आठवड्यात प्रत्येक टेबलाभोवती दोन-तीन डोकी वाकलेली होती. बाईंकडे कोणाचं लक्ष नव्हतं. कोपऱ्यातल्या टेबलावर, एरवी कायम मागे राहणाऱ्या दोन मुली कसल्याशा आकड्यावरून हमरीतुमरीवर आल्या होत्या. बाई त्यांच्या मागे गेल्या, टाचा उंचावल्या, तरी दिसेना.

"जरा सरका गं," त्या म्हणाल्या, "मला मागून काही दिसत नाहीये."

"एक मिनिट हं, बाई," मान न वळवता एकजण म्हणाली.

बाई खुशाल थांबल्या.